धुराला वाट

महाडच्या आमच्या घरात दिवाणाशेजारी एक पांढरा, उभट डबा आहे. आई त्याला 'जावई' म्हणते. कोपरा अडवून बसतो, दिवसभर वीज खातो, जरा मनाविरुद्ध झालं की लाल होतो आणि वर्षाला काहीतरी नवं मागतो. त्याचं खरं नाव एअर प्युरिफायर. पुण्याच्या मुलानं दोन दिवाळ्यांपूर्वी आणला. नातीला बाळदमा आहे, तेव्हा सुट्टीत आजोबांकडे यायचं तर हवा गाळून घ्यायची, असं ठरलं. सुट्टी संपली, नात गेली, जावई राहिला.

त्याच्या कपाळावर एक आकडा असतो. हवेतल्या अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा, एका घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम, असा तो हिशेब. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड, त्यावरून कण किती बारीक ते समजावं. आपल्याकडे २००९ सालापासून चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची १५ केली. श्रावणात झड लागली की आमच्याकडे हा आकडा दहा-बारावर निवांत बसून असतो. मग आई तव्यावर सुके बोंबील भाजायला घेते. १२, ४०, १३०, २८०. दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल, आणि पंखा असा घोंघावू लागतो की शेजारच्यांना वाटावं, आमच्याकडे चक्की बसवली. "जेवणाला नावं ठेवणारा जावई पहिल्यांदाच बघितला," आई म्हणते, आणि बोंबील उलटते.

हा आकडा येतो कुठून, म्हणून मी एकदा मुलाला विचारलं. त्यानं सांगितलं ते ऐकून मी साठ वर्षं मागं गेलो. डब्याच्या पोटात एक अंधारी फट असते. तिच्यातून लेसरचा किरण जातो. हवेतला कण त्या किरणात आला की चमकतो, प्रकाश इकडेतिकडे उधळतो, आणि बाजूला बसवलेला डोळा ती चमक मोजतो. बस, एवढंच. मी मुलाला म्हटलं, अरे, हे यंत्र आमच्या आजीकडे होतं.

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमची वाडी. घर कारवीच्या कुडाचं, वर मंगलोरी कौलं, आणि स्वयंपाकघरावर मधोमध एकच काचेचं कौल. सकाळी नवाच्या सुमाराला त्यातून तिरपा कवडसा उतरायचा तो थेट चुलीपुढं. त्या कवडशात धूर वळसे घेत वर चढायचा. मी तासन्‌तास बघत बसायचो. कधी निळसर, कधी करडा, ओलं लाकूड असलं तर पिवळट पांढरा. कवडशात हात घातला की धूर फुटायचा, बोटांभोवती फिरून पुन्हा जुळायचा. धुरात सोन्याचे बारीक कण पोहायचे. ते कण म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. कवडशाबाहेर तितकेच कण होते, पण ते दिसत नसत, म्हणून नव्हते.

त्या घरात धुराला मान होता, नोकरी होती. चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या तट्ट्यावर सुकट, बोंबील, आमसुलं असायची. धुरामुळं त्यांना पावसाळ्यात बुरशी येत नसे. बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुड्यात बांधून माळ्यावर ठेवलेलं, तेही धुरात, कीड लागू नये म्हणून. वासे काळे कुळकुळीत, त्यांना वाळवी तोंड लावत नसे. गोठ्यात तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, माश्या-डासांसाठी. बाळंतिणीला ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी. एप्रिल-मेमध्ये दाढीच्या जमिनीवर राब भाजायचे, शेण, पालापाचोळा, कवळं यांचे थर रचून. तो धूर आठवडाभर साऱ्या खोऱ्यात तरंगत राहायचा आणि त्याचा वास आला की आम्ही ओळखायचो, आता आंबे आणि मग पाऊस. आणि इतका सगळा धूर अखेर कौलांच्या फटीफटीतून बाहेर पडायचा. थंडीत सकाळी उतारावरून खाली बघितलं की वाडीतली सगळी घरं छपरातून वाफाळताना दिसत, जणू भाताची तपेली मांडलीत.

इथवर लिहिलं की हात आपोआप पुढं जातो : काय ती हवा, काय ती माणसं! पण आई शेजारीच बसलेली असते. पंचाऐंशीची आहे. त्या घरात ती सून म्हणून आली तेव्हा सतरा वर्षांची होती. मी कवडसा बघत होतो तेव्हा फुंकणी तिच्या हातात होती.

परवा तिला म्हटलं, चुलीवरच्या भाकरीची सर गॅसला नाही. ती म्हणाली, "खाणाऱ्याला नाय." आणि पुढं काही बोलली नाही.

खरंच, धुराचं कौतुक मी ओटीवरून करत आलोय. ओटीवर धूर यायचा तो गाळून, निवून, नुसता वास होऊन. माजघराच्या आत तो चार हातांवर कोंडलेला असायचा, आणि जुलै महिन्यात, बाहेर चार-चार दिवस पाऊस धरलेला, लाकूडफाटा दमट, कौलांच्या फटी पाण्यानं भरून आलेल्या, तेव्हा आत काय होत असेल ते आज या आकड्यामुळं कळायला लागलं. आजी शेवटची दहा वर्षं खोकत होती. कपाळाला हात लावून माणूस ओळखायची, कारण डोळ्यांवर सारा आलेला. तंबाखूची मशेरी सोडली तर तिला कसलं व्यसन नव्हतं. गावचे वैद्य म्हणायचे, 'म्हातारपणाचा दमा'. म्हातारपणाचा दमा आमच्या आजोबांना नव्हता, आणि ते तिच्याहून अकरा वर्षांनी मोठे होते. हे गणित आम्ही कुणी मांडलं नाही.

मांडणारे होते. किर्क स्मिथ नावाचे एक अमेरिकन संशोधक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत आले आणि चुलीपुढं बसलेल्या बायकांच्या अंगावर मोजमापाची उपकरणं लावून त्यांच्या श्वासात काय जातं ते मोजलं. तोवर प्रदूषण म्हणजे शहराचं, गिरण्यांच्या धुराड्याचं, असा समज. सगळ्यात वाईट हवा खेड्यातल्या स्वयंपाकघरात निघाली. आपल्या पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं, की आयुष्यात विडी न ओढलेल्यांनाही फुफ्फुसं आवळणारा तो दमा होतो, आणि चुलीचा धूर त्याचं मोठं कारण आहे.

सरकारी निर्धूर चूल आमच्याकडेही आली होती, ऐंशीच्या दशकातच. मातीची, दोन वईलांची, मागं पत्र्याचं नळकांडं. पहिला पावसाळा बरी चालली. नळकांडं काजळीनं भरलं, ते साफ करायचं असतं हे कुणाच्या गावी नव्हतं, आणि धूर आला तोंडावर. चुलत्यांनी नळकांडं काढून त्यातून मोरीचं पाणी बाहेर सोडलं.

मग घरं बदलली. आम्ही महाडला आलो तेव्हा स्लॅबचं घर म्हणजे प्रतिष्ठा. कौलं गेली, फटी गेल्या, झरोका गेला. गॅस आला, धूर गेला, म्हणजे हवेचा प्रश्न संपला असं आम्हीच नव्हे, सगळ्यांनीच धरलं. मग डास वाढले म्हणून खिडक्यांना जाळ्या, जाळ्यांतून धूळ येते म्हणून सरकत्या काचा, काचांमुळं उकडतं म्हणून एसी, आणि एसीची हवा जाऊ नये म्हणून फटीला रबराची पट्टी. इतकं कडेकोट झाल्यावर आत रात्री डासांची कॉईल लावून आम्ही झोपायचो! एका कॉईलमधून पंच्याहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असं २००३ सालचा एक अभ्यास सांगतो. आजीच्या धुराला निदान वाट होती.

बाहेरचंही साधं राहिलं नाही. मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललं. तांबडी धूळ घराघरांत फडताळातल्या कपबशांवर बसली. हिवाळ्यात सावित्रीच्या खोऱ्यावर थंड हवेचं झाकण बसतं, तेव्हा डोंगरावरचे वणवे, जळता कचरा, ट्रकांचा धूर, सगळं खालीच रेंगाळतं. बिरवाडीकडून वारा फिरला की कधीकधी रात्री एक आंबूस-औषधी वास येतो. कुठून, कशाचा, ते सांगता येत नाही. गंमत अशी की तेव्हा जावयाचा दिवा हिरवाच असतो. तो कण मोजतो, वायू त्याला दिसत नाही.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी चढलं, आमच्या तळमजल्यावर माणूसभर. त्याच दिवशी तळियेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यात केवनाळ्यावर आणि साखर सुतारवाडीवरही. त्या दुःखापुढं भिंतीच्या ओलीचं रडगाणं गाऊ नये, पण ओल होती. गाळ उपसला, तो रस्त्यात वाळला, वाळून धूळ झाला आणि वाऱ्यानं परत घरात आला. भिंती दिवाळीपर्यंत सुकल्या नाहीत. कपाटामागं काळी बुरशी धरली. नातीला पहिला जोराचा ॲटॅक आला तो त्या घरात. डॉक्टरांनी आधी भिंत खरवडायला सांगितली, मशीन नंतर. बरोबरच होतं. भिंत ओली ठेवून हवा गाळणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. उलट आमच्या दमट हवेत महिनोन्‌महिने न वापरता ठेवलेल्या फिल्टरलाच बुरशी लागू शकते.

डबा आत काय करतो, तेही सांगतो, कारण मला ते आवडलं. बाहेर एक जाळी, केस आणि जळमटं अडवणारी. मग कागदासारख्या तंतूंचा, घड्याघड्यांचा हेपा फिल्टर. मला वाटायचं ती चाळण आहे, चाळणीच्या भोकाहून मोठं ते अडेल. तसं नाही. मोठा कण सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी बारीक कण हवेत दारुड्यासारखा झोकांड्या खात जातो आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतोच. निसटायला सगळ्यात पटाईत तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा, म्हणून परीक्षा त्याच्यावर घेतात. अशा दहा हजारांतले ९,९९७ अडले, तर तो हेपा. शेवटी वासांसाठी कोळशाचा थर. हा कोळसा बऱ्याचदा नारळाच्या करवंट्यांचा असतो. आजी करवंट्या न्हाणीच्या चुलाणात घालायची. तिला सांगायला हवं होतं, की याच करवंट्या एक दिवस धुराचा वास धरतील. ती म्हणाली असती, मग दे की आणून चार.

एवढं करूनही बंद खोलीत चार माणसं झोपली तर आपल्याच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड डबा काढत नाही. सकाळी डोकं जड होतंच. त्यासाठी खिडकी लागते. आमचं आता ठरलंय : पावसाळ्यात झड थांबली की खिडक्या सताड उघड्या, हिवाळ्यात संध्याकाळी बंद, दुपारी उघड्या, आणि फोडणी टाकताना स्वयंपाकघरातला पंखा आधी चालू, मग मोहरी.

मागच्या गणपतीला नातीसाठी डबा वाडीवर नेला. आता तिथं चिऱ्यांचं घर आहे, गॅस आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत वाडीत बऱ्याच घरी शेगड्या आल्या. पण मागच्या दारी पडवीत चूल आहेच. अंघोळीचं पाणी, गणपतीच्या दिवसांतला मोठा भात, सगळं तिच्यावर. सिलिंडर महाग, लाकूड रानातलं. पाऊस लागलेला, लाकूड ओलं. नातीनं खेळ म्हणून डबा ओढत पडवीच्या दारात आणला. वहिनी फुंकत होती. आकडा चढत गेला, ४००, ७००, आणि ९९९ वर येऊन थांबला. पुढं त्याला लिहिताच येत नाही. दमट हवेत हे सेन्सर थोडं वाढवून सांगतात, हे मला ठाऊक आहे. तरी.

नात ओरडली, "पणजी, आत ये, नऊशे नव्व्याण्णव झालेत!"

आई चुलीशेजारी पाटावर बसून नारळ खवत होती. तिनं डोळे बारीक करून आकड्याकडं बघितलं. "मगं मी जिती कशी गं?" म्हणाली, आणि थोडं खोकली. मी वहिनीला म्हटलं, उद्यापासून पाण्याला गीझर लावू. ती हसली. वीज आठ तास गेलेली होती आदल्या रात्री.

गीझर दिवाळीत लावला. चूल मोडलेली नाही.

या महिन्यात जावयानं फिल्टर मागितला. मुलानं पुण्याहून पाठवला, मी बदलला. जुना काढून गॅलरीत उजेडात धरला. आणला तेव्हा दुधासारखा होता, आता घड्याघड्यांत करडा, कडेला काळा. आई उठून आली. घडीवरून बोट फिरवलं, बोटाला काजळी आली, ती तिनं अंगठ्यावर चोळून बघितली, जशी आजी तांब्याच्या ताटलीवर धरलेलं काजळ बघायची. मग फिल्टर नाकाशी नेला.

"बोंबलाचा वास येतोय," ती म्हणाली.