गव्हाणची गिटार

गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकतात त्या जागेला गव्हाण म्हणतात, हे आपल्या जुन्या माणसांना सांगायला नको. पनवेलहून उरणच्या रस्त्याने गव्हाण फाट्यावर उतरलात तर मात्र गुरे शोधावी लागतील. दिसतात ते चाळीस फुटी कंटेनर ओढणारे ट्रेलर. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या पट्ट्यातील शेते व मिठागरे संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता त्यांच्या वाट्याला कशाचे साडेबारा टक्के, हा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहू. १९८९ च्या मे महिन्यात न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतू आणि खारकोपर ते उरण लोकल यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. २५ डिसेंबर २०२५ पासून शेजारच्या नव्या विमानतळावरून विमानेही उडू लागली.

हे सगळे वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेले आहे. इथे ते पुन्हा सांगितले ते केवळ आवाजासाठी. कारण मी गव्हाणला ज्या घरी दोन रविवार जाऊन बसलो, तिथे बंदर, रेल्वे, पूल आणि विमान या चौघांचा आवाज चुकवून एका म्हाताऱ्या बाईची गाणी आणि एक गिटार टिपण्याचे काम चालू आहे.

घरमालकांनी नाव छापू नका अशी विनंती केली. आपण त्यांना दादा म्हणू. वय सदुसष्ट. कंटेनरच्या गोदामात टॅली क्लार्क म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. दोन खोल्या, वर पत्रा, भिंतीवर बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर, आणि खाटेखाली एका जुन्या चादरीत गुंडाळलेली स्टील गिटार. आपल्याकडे हिला हवाईयन गिटार म्हणतात. ही छातीशी धरायची नाही, मांडीवर आडवी ठेवायची. डाव्या हाताची बोटे तारा दाबत नाहीत. पोलादाची एक गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची. सूर थांबत थांबत पायऱ्या चढत नाही, घसरत जातो, माणसाच्या गळ्यासारखा.

हवाई बेटांवर १८८० च्या दशकात जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने ही पद्धत काढली असे मानतात. पुढे ती जगभर गेली. जगातील पहिली यशस्वी विजेची गिटार, जी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत निघाली, तीही अशी मांडीवर ठेवून वाजवायचीच होती. आपल्या देशात १९४० च्या दशकात टाऊ मो हे कलाकार कुटुंबासह कलकत्त्यात राहिले आणि त्यांनी अनेकांना हे वाद्य शिकवले. मग व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्या निघाल्या. सिनेमाची गाणी शब्दांविना, नुसत्या गिटारीवर. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली मोकळी जागा भरायला त्या लावत, आणि चाळीचाळींत लोक गाणे ओळखण्याची पैज लावत. ब्रिजभूषण काब्रांनी या वाद्यावर राग आणला. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी पुष्कळांना आठवत असेल. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, ते ज्या मुद्रणासाठी ते कुठल्या मोठ्या स्टुडिओत झाले नव्हते. कॅलिफोर्नियातल्या एका चर्चच्या दालनात राय कूडर यांच्याबरोबर बसून ते वाजवले होते. दादांना ही गोष्ट फार आवडते. “चर्च चालतं, तर आपली खोली का नाय चालनार?” असे ते म्हणतात.

आमच्या रायगडच्या आगरी-कोळी पट्ट्यात खरे राज्य बेंजोचे. हळद असो, मिरवणूक असो, बेंजो हवाच. तोही मूळचा इथला नव्हे. १९१२ साली जपानमधील नागोया शहरात निघालेल्या एका वाद्याचा तो वंशज. तोही आडवाच ठेवतात. पण त्याला टाइपरायटरसारखी बटणे असतात, म्हणून बटणाच्या सुरांमधल्या जागी तो सहजासहजी जात नाही. दादा पूर्वी एका ऑर्केस्ट्रात बेंजोवाल्याशेजारी बसून गिटार वाजवत. भायखळ्याच्या एका ख्रिस्ती मास्तरांकडे त्यांनी शिक्षण घेतले, आठवड्यातून एकदा, लाँचने आणि पायी. जयंतीला, लग्नाला, गणपतीतही बोलावणी असत. मग कीबोर्ड आला. “एकटा मानूस चार जनांचं काम करतो, आनि टेम्पोत जागाबी कमी लागते,” हे त्यांनी कुरकुर न करता सांगितले. १९९० च्या दशकात एका कॅसेट कंपनीने त्यांच्याकडून आठ गाण्यांत गिटार वाजवून घेतली. वेष्टनावर गायकाचे नाव, निर्मात्याचे नाव, छापखान्याचेसुद्धा नाव होते. वाजवणाऱ्यांपैकी एकाचेही नव्हते. ती कॅसेट दादांनी अजून जपली आहे, पण फीत एकमेकींना चिकटली आहे.

आता त्यांच्या स्टुडिओविषयी. हा शब्द त्यांचाच, आणि तो उच्चारताना त्यांना हसू येते.

आतल्या खोलीच्या तीन भिंतींवर दोरी बांधून सात गोधड्या टांगल्या आहेत. चौथ्या बाजूला कपड्यांचे कपाट. मुद्रणाच्या वेळी त्याची दारे सताड उघडी ठेवतात. उघड्या भिंतीवरून आवाज परततो आणि खोली पिंपासारखी घुमते. कापूस आणि लुगडी तो पिऊन टाकतात. एक जुना लॅपटॉप, त्याला जोडलेले दोन तोंडांचे साउंड कार्ड, एक माइक, एक हेडफोन. लॅपटॉपमध्ये ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. जुना लॅपटॉप चौदा हजार, साउंड कार्ड साडेसात हजार, माइक चार हजार, हेडफोन दीड हजार, वायरी आणि स्टँड मिळून बाराशे. एकूण अठ्ठावीस हजार दोनशे. दादांनी एका स्टुडिओत चौकशी केली तेव्हा तासाला आठशे रुपये सांगितले होते. म्हणजे सव्वापस्तीस तासांत हे सामान वसूल होते, आणि दादांचे आजवर त्याच्या कितीतरी पट तास झाले आहेत. आपल्या माणसाने कर्ज न काढता, भिशीच्या पैशातून एकेक वस्तू घेतली, हे मला विशेष वाटले.

पण खरी मेहनत सामान घेतल्यानंतरची आहे. विजेच्या गिटारीच्या पोटात चुंबक आणि तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. ते तारेची थरथर टिपते, तशीच घरातल्या विजेची घरघरही टिपते. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. तोच ‘घूं’ आवाज गाण्याच्या तळाशी बसतो. दादांनी यावर उपाय शोधले. चोकची ट्यूबलाइट बंद. मोबाईल बाहेरच्या खोलीत. लॅपटॉप चार्जरवर नाही, बॅटरीवर. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतले. एवढे करूनही थोडी घरघर उरते, तेव्हा ते खुर्ची गोल फिरवतात. पिकअपचे तोंड एका विशिष्ट दिशेला आले की घरघर जवळजवळ नाहीशी होते. ती दिशा फरशीवर खडूने आखलेली आहे. मी पाहिले तर ते बसतात दाराकडे तिरके, पाहुण्याकडे अर्धवट पाठ करून. वहिनी म्हणाल्या, “नवीन मानसाला वाटतं, रागावले काय.”

दुसरी अडचण फक्त स्टील गिटारवाल्यालाच जास्त कळेल. वाजवलेले लॅपटॉपमधून फिरून कानात येईपर्यंत क्षणाचा काही भाग उशीर होतो. साध्या गिटारीवर सुराची जागा पट्ट्यांनी पक्की केलेली असते, तिथे हे एक वेळ चालते. स्टील गिटारीवर जागा कानानेच ठरवायची. कान मागे राहिला की हात चुकतो आणि सूर घसरून पुढे जातो. साउंड कार्डवर एक बटण असते, ते फिरवले की आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. ते बटण सापडेपर्यंत दादांचा समज झाला होता की हात गेला.

हा सगळा खटाटोप कोणासाठी, तर आक्कांसाठी. आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे. शाळा पाहिलेली नाही. जात्यावर बसून, भात लावताना आणि पुढे जयंतीच्या रात्री वस्तीतल्या बायकांनी जी गाणी रचली, त्यांपैकी तेवीस त्यांना पाठ आहेत. बाबासाहेबांचा पाळणा आहे, महाडच्या तळ्याची गोष्ट आहे, रमाईवर तीन आहेत. ही गाणी छापलेली नाहीत. त्यांच्या बरोबर गाणाऱ्या चौघी वारल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या पुष्कळ आहेत, हे मी दादांना सांगितले. ते म्हणाले, “आमच्याकडं कोन आलं नाय. मग आपनच करायचं.”

आधी कीबोर्डवाल्या एका होतकरू मुलाला बोलावले होते. त्याने आक्कांना पट्टी दिली. आक्कांचा सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध. मुलाने त्यांना वर ओढायचा प्रयत्न केला, आक्कांना खोकला लागला आणि त्या दिवशी गाणे झाले नाही. इथे स्टील गिटारीचे महत्त्व कळते. तिला पट्टीची सक्ती नाही. दादा आधी आक्कांना एक कडवे म्हणायला लावतात, मग गिटारीच्या तारा त्यांच्या गळ्याला मिळवतात. तिसऱ्या कडव्यापर्यंत आक्का थोड्या खाली उतरतात, तेव्हा कांडीही गुंजभर मागे सरकते. बाई गाते आणि वाद्य मागे चालते. आमच्या ऑर्केस्ट्रात मी हे उलटेच पाहत आलो आहे.

मुद्रणाची युक्तीही पाहण्यासारखी आहे. दादांची गिटार भरीव लाकडाची. स्पीकर लावला नाही तर खोलीत ती जवळजवळ मुकी. म्हणून दादा वायर थेट साउंड कार्डात घालतात आणि हेडफोन स्वतः लावतात. माइक फक्त आक्कांपुढे, तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही. आक्कांना गिटार ऐकूच येत नाही. त्या आपल्या तंद्रीत, आपल्या चालीने गातात. दोघांचे आवाज दोन वेगळ्या पट्ट्यांवर उतरतात आणि नंतर एकाला धक्का न लावता दुसरा कमीजास्त करता येतो. गिटार चुकली तर ती नंतर पुन्हा वाजवता येते. आक्कांना पुन्हा त्रास द्यावा लागत नाही. मला ऐकवले त्या पाळण्यात गिटार इतकी मागे होती की मध्ये मला वाटले कोणी दुसरी बाई हुंकार देते आहे.

वेळ पहाटे साडेतीन ते पाच. तेव्हा रस्त्यावरचे ट्रेलर विरळ असतात, असे दादांनी वही ठेवून काढलेले अनुमान आहे. विमानाचा आवाज आला तर हात वर करायचा आणि थांबायचे. आक्का थांबत नाहीत. त्या म्हणतात, “त्याला जाऊ दे, मी माझं म्हनते.” दोन गाण्यांत विमान तसेच राहिले आहे.

प्रत्येक गाणे मूळ रूपात ठेवतात, दाबून लहान केलेले नाही. मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा लागते. दोन पेनड्राइव्हवर प्रती, एक घरी आणि एक पनवेलला भाच्याकडे. प्रत्येक फाइलच्या नावात गाणाऱ्याचे, वाजवणाऱ्याचे नाव आणि तारीख. त्या जुन्या कॅसेटमुळे ही शिस्त आली. वाचकांपैकी जे वाजवतात त्यांच्यासाठी सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क पन्नास वर्षांचा झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८ ख नुसार वाजवणाऱ्याला आपले नाव लावून घेण्याचा अधिकार आहे. दुसरी बाजूही आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या शब्दांवर वारसांचा हक्क असतो. तेव्हा त्यांची गाणी घरी वाजवा, पण मुद्रित करून वाटायची असतील तर परवानगी घ्या. आक्कांची गाणी रचणाऱ्या बायकांपैकी ज्यांची नावे आठवली ती दादांनी वहीत लिहून घेतली आहेत. सहा नावे मिळाली.

तेवीसपैकी चौदा गाणी झाली, नऊ उरली आहेत. त्यांतली दोन लांब आहेत आणि एकाचे मधले कडवे आक्कांना आठवत नाही. जासईला दिलेल्या त्यांच्या नणंदेला ते येत असावे म्हणून तिला आणायचे चालले आहे. पाऊस सुरू झाला की पत्र्याखाली चार महिने काहीच मुद्रित करता येत नाही, आणि गेल्या पावसाळ्यात आक्का दोनदा दवाखान्यात होत्या. म्हणून मे अखेरपर्यंतचे सगळे रविवार दादांनी कॅलेंडरवर लाल पेनने गोल केले आहेत. मी विचारले, मदतीला येऊ का. म्हणाले, या, पण रात्रीच या आणि इथेच झोपा. पहाटे कोणी दार वाजवले की वस्तीतली सगळी कुत्री भुंकायला लागतात.