हाकेचे मोल

आपल्या समाजाच्या इतिहासात 'हाक' हा शब्द साधा नाही. गावगाड्यात महाराच्या वाट्याला जी कामे आली, त्या साऱ्यांची सुरुवात हाकेने होई. पाटलाची हाक, चावडीची हाक, अंमलदाराचा डाग वाहून नेण्यासाठी आलेली हाक. रात्र असो वा भर उन्हाची दुपार, हाक आली की निघावयाचे. १९२८ साली बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. त्यांच्या तक्रारीचा एक भाग हाच होता की, या चाकरीला ना वेळेची मर्यादा आहे ना कामाची. आणि वतनदार स्वतः हजर नसला तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला जुंपले जाते. गावकामगारांची ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा येण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

माझी आई आजही सांगते, "तुझ्या आज्याला चावडीवरनं हाळी आली की हातातली भाकर टाकून पळाया लागायचं. उशीर झाला तर शिव्या, आन् येळंवर गेलं तरी शिव्याच." या बोलण्यातील शेवटचे चार शब्द मला गेल्या दोन वर्षांत वारंवार आठवले, आणि त्याला निमित्त झाले एक शिकारी कुत्रे.

हे निमित्त काही वाचकांना खटकण्याचा संभव आहे. कुत्रा हा प्राणीही आपल्या इतिहासात साधा राहिलेला नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना गावाबाहेर घालविले आणि कुत्री व गाढवे हीच त्यांची संपत्ती ठरविली. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी कुत्र्यामांजरांना मोकळे होते. ते प्राशन करण्यासाठी आपल्या माणसांना मात्र १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. यात अपराध कुत्र्याचा नव्हता, माणसाला जनावराखाली ढकलणाऱ्या व्यवस्थेचा होता. म्हणून प्रारंभीच स्पष्ट करतो की, येथे माणसांची वा मुलांची तुलना कुत्र्याशी करावयाची नाही. तुलना करावयाची आहे ती हाक मारणाऱ्यांची.

सोलापूर जिल्ह्यातील माळरानावर कारवान जातीची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांबसडक पाय अशी त्यांची ठेवण असते. हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर शिकार करते. दूरवर काही हलले की त्याचे सारे शरीर त्या दिशेने ताणले जाते आणि पुढच्या क्षणी ते बाणासारखे सुटते. माझ्या मावसभावाने असे एक चार महिन्यांचे पिल्लू आणून दिले. वसतिगृहातील मुलांनी त्याचे नाव 'मेघ' ठेवले. निवासाच्या मागे तारेचे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे माळ. त्या माळावर ससे आहेत, उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटव्या आहेत, मेंढपाळांचे कळप आहेत, बिनकठड्याच्या विहिरी आहेत आणि अखेरीस वाहनांचा रस्ता आहे. शिकारी रक्ताचे तरुण कुत्रे हाकेवर फिरत नसेल तर यांपैकी कशाचे तरी मरण ठरलेले, आणि बहुधा त्याचे स्वतःचेही.

माझ्यापुढे आणखी एक प्रश्न होता. पंचशीलातील पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकारही गुन्हा ठरते. परंतु कायदा आणि शील दोन्ही मला कळतात, मेघला कळत नाहीत. पळणाऱ्या गोष्टीमागे धावणे हा त्याचा दुर्गुण नव्हे. माणसानेच शेकडो वर्षे निवड करून त्याच्यात ते रुजविले आहे. तेव्हा त्याच्या वतीने शील पाळण्याची जबाबदारी माझीच होती, आणि ती पाळण्याचे साधन म्हणजे माझी हाक.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला येथे सोपाऱ्याची आठवण होते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि तीत शिकार होई. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या स्थानी जाऊन त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली, असे त्या लेखात सांगितले आहे. महाराष्ट्राच्या भूमीत मिळालेला अशोकाचा हा लेख शिकार सोडण्याविषयीचा आहे, ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात आवर्जून सांगतो. शिकार सोडणे राजाला स्वतःच्या निश्चयाने साधले. कुत्र्याला ते साधावयाचे तर निश्चय दुसऱ्याचा आणि कष्टही दुसऱ्याचे, एवढाच फरक.

आता प्रत्यक्ष शिक्षणाविषयी.

पहिले काम शब्द निवडण्याचे. 'ये', 'इकडे ये' हे शब्द घरात दिवसभर कोणी ना कोणी उच्चारीत असते. जो शब्द सतत कानावर पडतो आणि ज्यातून काही निष्पन्न होत नाही, तो कुत्र्याच्या लेखी वाऱ्याचा आवाज होऊन जातो. शिट्टी दूरवर पोहोचते. पण आपल्या मैदानावर क्रीडाशिक्षकांची शिट्टी सकाळ-संध्याकाळ वाजते. म्हणून 'परत' हा शब्द ठरविला आणि तो अन्य कोणत्याही प्रसंगी मेघपुढे उच्चारावयाचा नाही, असे घरातील सर्वांना सांगितले.

दुसरे काम त्या शब्दाला मोल आणण्याचे. प्रारंभीचे काही दिवस मेघकडून कसलीच अपेक्षा ठेवली नाही. तो शेजारी उभा असतानाच 'परत' म्हणावयाचे आणि लगेच उकडलेल्या काळजाचा नखाएवढा तुकडा त्याच्या तोंडाशी धरावयाचा. रोजच्या भाकरीसाठी तो मान वळवील, पण पळता ससा सोडावयाचा तर बदल्यात मिळणारी वस्तूही तशीच दुर्मीळ हवी. काळीज त्याला एरवी कधीच मिळत नसे. शब्द ऐकताच त्याची मान झटकन वळू लागली, तेव्हा खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून कुंपणाबाहेर असा क्रम धरला. अंतर वाढविले की मोह कमी ठेवावयाचा, मोह वाढविला की अंतर कमी. दोन्ही एकदम वाढवू नयेत. नुकती मुळाक्षरे शिकलेल्या मुलापुढे आपण ग्रंथ ठेवीत नाही, तसेच हे.

माळावर नेताना सुमारे दहा मीटरचा सुती दोर असे. तो गळ्यातील पट्ट्याला नव्हे, तर छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधलेला. कारण भरधाव कुत्र्याला दोराचा हिसका मानेवर बसला तर इजा होते. दोर मागे फरपटत जाई. तो ओढून आणण्यासाठी नव्हता. हाक न ऐकता पुढे पळण्यात जे सुख आहे, ते त्याच्या पदरी पडू नये एवढ्यासाठी होता. हाक एकदाच मारावयाची. एकामागून एक पाच हाका मारल्या की पहिल्या चार ऐकण्याचे कारण उरत नाही, हे कुत्र्याला फार लवकर कळते. आला नाही तर दोरावर पाय देऊन त्याला थांबवावे आणि आपण उलट दिशेने पळावे. पळणाऱ्यामागे धावणे हा त्याचा स्वभावच असल्याने तो आपल्यामागे येतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परत आलेल्या कुत्र्याला कधीही शिक्षा करावयाची नाही. अंघोळ घालावयाची असेल, बांधावयाचे असेल, पायातील काटा काढावयाचा असेल, तर स्वतः चालत जाऊन त्याला आणावे. त्यासाठी 'परत' म्हणू नये. आणि तो परत आला की दहापैकी नऊ वेळा पट्टा क्षणभर हाती धरून, खाऊ देऊन, 'जा' म्हणून पुन्हा मोकळे सोडावे. हाकेला ओ देणे म्हणजे स्वातंत्र्य गमावणे नव्हे, हे त्याला अनुभवाने पटले पाहिजे.

शेजारच्या शेतातील एक बुजुर्ग शेतकरी हे सारे बांधावरून पाहत असत. ते एकदा म्हणाले, "सर, अशानं कुत्रं लाडावतं. आलं की दोन काठ्या घाला, पुन्यांदा लांब जायाचं नाव काढणार नाही." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, जुनी पद्धतच तशी होती. मी म्हणालो, "काका, तो आल्यावर काठी बसली, तर तो काय शिकेल? लांब जाऊ नये हे नव्हे. येऊ नये, हेच शिकेल." काका हसले आणि म्हणाले, "बगा बाबा, मास्तर तुमी हाय."

अंगुत्तर निकायात केशी नावाच्या अश्वशिक्षकाची कथा आहे. भगवान बुद्ध त्याला विचारतात, तू घोड्यांना कसे शिकवितोस? तो सांगतो की, काहींना मृदूपणाने, काहींना कठोरपणाने, काहींना दोन्ही रीतींनी. आणि जो कशानेही शिकत नाही त्याला ठार करतो. मग तो भगवंतांना विचारतो, आपण माणसांना कसे शिकविता? भगवंत उत्तरतात, त्याच रीतींनी. परंतु त्यांचा मृदूपणा म्हणजे सदाचरण आणि त्याचे फळ समजावून देणे, कठोरपणा म्हणजे दुराचरण आणि त्याचे फळ दाखवून देणे, आणि 'ठार करणे' म्हणजे अशा माणसाला उपदेश करण्यायोग्य न मानणे. शब्द अश्वशिक्षकाचेच आहेत, पण त्यांतील चाबूक आणि तलवार गळून पडली आहे. शिक्षकाच्या हाती अखेर उरतो तो शब्द, आणि म्हणूनच त्याने आपल्या शब्दाची पत सांभाळली पाहिजे.

आठव्या-नवव्या महिन्यात मेघ सारे विसरल्यासारखा वागू लागला. वयात येणाऱ्या कुत्र्यांचे असे होतेच. अंगात बळ येते, जगाविषयीचे कुतूहल वाढते आणि ओळखीची हाक दुय्यम होते. अशा वेळी आवाज चढविण्याने काही साधत नाही. पुन्हा दोर बांधून, अंतर कमी करून, आधीचा धडा गिरवावा लागतो. याच काळात मी त्याचे शरीर वाचण्यास शिकलो. धाव घेण्यापूर्वी डोके वर उचलले जाते, कान पुढे येतात, तोंड मिटते, शेपटी ताठरते आणि एक पाय उचललेला राहतो. हे सारे फार तर एक-दोन श्वासांपुरते. हाक पोहोचते ती त्याच वेळी. एकदा धाव सुरू झाली की आवाज कानावर पडतो, पण मनापर्यंत जात नाही.

मेघ दीड वर्षाचा झाल्यानंतरची एक सकाळ आहे. पाऊस पडून गेला होता. बोरीच्या झुडपातून ससा उठला. मेघचे कान पुढे आले, पाय उचलला गेला आणि मी 'परत' म्हणालो. तरीही तो सुटला. चार-सहा ढांगा गेला, मग त्याच्या धावेत एक तुटकपणा आला, मान वळली आणि मोठा वळसा घेत तो माझ्याकडे आला. धापा टाकीत होता, सर्वांग थरथरत होते. ससा उताराला नाहीसा झाला होता. मी खाली बसून जवळचे सारे काळीज त्याला एकेक तुकडा करून दिले आणि मग म्हणालो, 'जा'. तो पुन्हा माळावर गेला. सशाच्या मागावर नव्हे, नुसताच बागडावयास. असे प्रत्येक वेळी होईलच याची हमी कोणी देऊ नये. रस्त्याजवळ आणि कळपाजवळ त्याचा दोर आजही माझ्या हाती असतो. पण त्या सकाळी एक जीव वाचला, आणि तो काठीच्या भीतीने वाचला नाही.

घरी आल्यावर हे आईला सांगितले. ती म्हणाली, "तुझ्या आज्याला कुनी 'जा' म्हनलं नव्हतं रं कधी." मी निरुत्तर झालो. हाकेला ओ द्यावी लागण्यात गुलामी नव्हती. गुलामी होती ती ओ दिल्यावर जे वाट्याला येई त्यात, आणि न येण्याची मोकळीक नसण्यात.

आता आपल्या वसतिगृहाकडे पाहू. येथील मूल आईबापांपासून दूर राहते. दिवसभरात त्याला कितीतरी हाका येतात. 'तुला सरांनी बोलावले आहे' हे ऐकताच अनेक मुलांचे चेहरे उतरतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. कोणत्याही शाळेत बोलावणे बहुधा चुकीचा जाब विचारण्यासाठीच येते, म्हणून ते चेहरे उतरतात. ज्या मुलाला हाकेची भीती बसली, ते खऱ्या संकटातही आपल्याकडे येणार नाही. ताप अंगावर काढील, कोणी छळत असेल तर गप्प राहील, आणि पुढे मोठ्या शहरात वाट चुकले तर मागे वळून पाहणार नाही. पालकांनीही फोनवर दर वेळी गुणांचीच चौकशी केली, तर फोनची घंटा हीदेखील चावडीची हाक होऊन बसते.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना आणि पालकांना एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक मुलाला असे बोलवावे, की ज्यात जाब नाही आणि कामही नाही. त्याने काढलेले चित्र आवडले, त्याने धाकट्याला ताट वाढून दिले ते पाहिले, एवढेच सांगावे आणि 'जा, खेळ' म्हणावे. दोष दाखवावयाचा असेल तर आपण उठून त्याच्यापाशी जावे. याला पैसा लागत नाही, लागते ती चार पावले चालण्याची तयारी.

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्यांना हाक दिली आहे. त्यांच्यावर आता कोणाची सक्ती नाही, हजेरीपट नाही. ते आले तर त्याचे कारण इतकेच असेल की, लहानपणी येथून आलेल्या हाकेत त्यांना कधीतरी मैत्री ऐकू आली होती.