पाण्याच्या तोंडाबरोबर

आमच्याकडं चढ नाही. घनसावंगीच्या खालच्या अंगाला, गोदावरीकडं सरकत जाताना, जमीन अशी सपाट पसरत जाते की शिवाराच्या पार टोकाला कुणी डोईचा टॉवेल झटकला तरी इकडून दिसावा. चालायला ही भुई फार मायाळू. दम लागत नाही, बोलणं तुटत नाही, आणि गप्पांच्या नादात माणूस दोन गावांची शिवं कधी ओलांडतो हे त्याचं त्यालाही कळत नाही. अण्णांबरोबर मी या भुईवरून किती चालले असेन कोण जाणे, पण त्यातली एकही चाल कुठंतरी लवकर पोचण्यासाठी नव्हती.

अण्णा पाटकरी होते. तुम्ही कालव्याच्या मुलखातले नसाल तर सांगायला हवं. पाळी सुटली की चारीच्या कडेकडेनं हिंडायचं, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी जातंय ते बघायचं, कुणी रात्रीतून भराव फोडला तर मातीनं तो बुजवायचा, आणि सगळ्यांच्या शिव्या ऐकून घेत पाणी शेवटच्या माणसापर्यंत, म्हणजे आमच्या भाषेत टेलपर्यंत, न्यायचं, हे पाटकऱ्याचं काम. पैठणला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून जायकवाडीचा पाया घातला गेला आणि १९७६ साली इंदिरा गांधी धरणाच्या उद्घाटनाला आल्या, त्या गर्दीत अण्णा होते. बाई दिसल्या नाहीत, पाणी मात्र दिसलं, असं ते सांगायचे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बारीक होऊन जायचा. तिथून निघालेला डावा कालवा २०८ किलोमीटर चालतो. अंबड, घनसावंगी, परतूर करत पुढं परभणीच्या मुलखात जातो. त्यातल्या एका चारीचा छोटासा तुकडा अण्णांच्या वाट्याला आला, आणि तोच त्यांचा जन्म झाला.

कोरड्या चारीत पाणी येतं ते धो धो येत नाही. आधी वास येतो. महिनोन् महिने तापून भेगाळलेल्या काळ्या मातीचा, कुजक्या पाल्याचा, गेल्या पाळीत मेलेल्या शिंपल्यांचा असा एक कडवट गोडसर वास, जो पहिल्या पावसाच्या वासाहून वेगळा असतो आणि मला त्याहून प्रिय आहे. मग सरसर असा आवाज, वाळकी पानं ढकलल्याचा, आणि मग दिसतं ते पाण्याचं तोंड. अण्णा त्याला तोंडच म्हणायचे. वीतभर उंचीचं, फेसानं भरलेलं, काड्या, लेंड्या, बाभळीच्या शेंगा आणि जीव वाचवायला धडपडणारे किडे पुढं लोटत येणारं. त्या किड्यांसाठी चारीच्या तळातून बगळे चालत असायचे, पाण्याच्या पुढं चार पावलं, अगदी वरातीतल्या मानकऱ्यांसारखे. भेग आली की पाणी थांबायचं, आत उतरायचं, बुडबुडत भेग भरायचं, आणि मग परत निघायचं. ते थांबलं की अण्णाही थांबायचे. खिशातली सुपारी काढून कातरायचे. पाणी निघालं की तेही निघायचे. त्यांच्या पायाला पाण्याची चाल इतकी बसली होती की बाजाराला जातानासुद्धा ते मधेच असे थांबायचे, आणि माय पुढं गेलेली मागं वळून म्हणायची, "आता कोणची भेग भरायलीय?"

त्यांच्या टायरच्या चपला चालताना चिकट मातीतून सुटायच्या तो आवाज, खांद्यावरच्या फावड्याच्या दांड्याला मुरलेला घामाचा वास, हातातल्या बॅटरीचा पिवळट उजेड पाण्यावर पडून बाभळीच्या खोडांवर हलत राहायचा तो. मायनं फडक्यात बांधून दिलेले धपाटे आणि ठेचा आम्ही पुलाच्या कठड्यावर बसून खायचो, आणि हात चारीतच धुवायचो, म्हणून त्या पाण्याला माझ्या आठवणीत लसणाचा वास आहे.

पाण्यानं दिलं तसं नेलंही. कालव्याच्या कडेच्या सखल पट्ट्यात पाझर मुरत गेला, काळ्या खोल जमिनीत तो खाली जाईना, उसाला वरून पाणी देणं चालूच. पाण्याची पातळी चढत चढत मुळांशी आली आणि जमीन चिबडली. उन्हाळ्यात ओल वर ओढली जायची, तिच्यासंगं आलेला खार वर फुटून पांढरा पडायचा, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटावं की शेतात कापूस वेचायचा राहिलाय. जिथं ज्वारी व्हायची तिथं पाणकणीस आणि लव्हाळा माजला, बांधाबांधाला बेशरम फुलली. त्या दलदलीतून जाणारी पाऊलवाट आमची नेहमीची होती. पाय टाकला की भुई दबून परत वर यायची. टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत हद्दीपर्यंत पोचवायला यायची, लांब लाल पायांचे शेकाटे तोल सांभाळत उभे असायचे, आणि पाणकणसाची कणसं पिकून फुटली की त्यांची म्हातारी उडून अण्णांच्या टोपीवर बसायची. मला लहानपणी तो सगळा मुलूख सुंदर वाटे. अजूनही वाटतो, आणि त्याचं मला वाईटही वाटतं, कारण ज्यांची ती जमीन होती त्यांच्या दारावरून जाताना अण्णा चाल वाढवायचे. एवढ्या एकाच ठिकाणी. "आलेलं पाणी जायला बी वाट पायजे ना बाई," असं एकदाच म्हणाले होते. चर खोदायला हवे होते, वेळेवर आणि खोल, हे त्यांना कळत होतं.

रामनवमीला आम्ही जांबला चालत जायचो. जांब समर्थ, १६०८ साली रामदासांचा जन्म झाला ते गाव. सूर्याजीपंत आणि राणूबाईंचा नारायण, लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' ऐकून निघून गेलेला. ती गोष्ट अण्णा दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी त्या मुलीवर येऊन थांबायचे, जी अंतरपाटाच्या पलीकडं उभी राहिली होती. तिचं पुढं काय झालं असंल, एवढं विचारून गप्प व्हायचे. वाटेतली गावं तेव्हा माळवदांची. पांढरीवर वसलेली, पडक्या गढीच्या आडोशानं बसलेली, अरुंद बोळांतून शेणामातीचा थंडावा येणारी. चैत्रात पावसाआधीची डागडुजी चालू असायची, माळवदावर नवी पांढरी माती पसरून चोपण्यानं ठोकायचा धप्प धप्प आवाज गावाबाहेरच ऐकू यायचा. दुपारी बारा वाजता पाळणा हलायचा, गुलाल उडायचा, हातावर सुंठवडा पडायचा. त्याचा तिखट झणका नाकात घेऊन आम्ही उन्हातून परत निघायचो आणि चारी येताच अण्णा सवयीनं तळात डोकावायचे.

२०१२ च्या दुष्काळात चारीला पाणी आलंच नाही. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी झाडं तोडून जळणाला घातली. अण्णा तरी रोज कोरड्या चारीच्या कडेनं टेलपर्यंत जाऊन यायचे. निवृत्त झाल्यावरही जायचे. त्यांच्या जागी दुसरं माणूस आलं नाही, आणि आता ते स्वतःही नाहीत. चारीच्या भरावावरून ट्रॅक्टर जातात, पायवाट बेशरमीनं गिळली, माळवदांवर पत्रे आले. मी चालते तेव्हा फार भराभर चालते. थांबायला काही निमित्त लागतं आणि ते सापडत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबच्या देवघरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा अण्णा जाऊन बराच काळ झाला होता. मायनं ती बातमी ऐकून जेवण टाकलं. "ते असते तर रोज चालत जाऊन इचारून आले असते," म्हणाली. दिवाळीनंतर मूर्ती सापडल्या, तेव्हा आम्ही दोघी जीपनं दर्शनाला गेलो, आणि परत येताना चारीचा पूल आला तसं तिनं आपणहून सांगितलं की पाळी असली की मध्यरात्री घरी येताना ते शीळ घालायचे, तिनं कडी काढावी म्हणून. मला हे ठाऊकच नव्हतं. मी त्या वेळी झोपलेली असायचे. कोणतं गाणं, मी विचारलं. गाणं नव्हे, ती म्हणाली, बैल पाणी पिताना घालतात ती.