गुलमर्गचा धाकटा उतार

गुलमर्गचा थोरला उतार म्हणजे अफरवट डोंगराचा. गोंडोला या रोपवेचा दुसरा टप्पा २००५ मध्ये त्याच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर पोचला, आणि जगभरचे कसलेले स्कीपटू तिकडे ओढले गेले. महाराष्ट्रातून आलेली कुटुंबंही आधी गोंडोलाचीच चौकशी करतात. धाकटा खाली कुरणातच असतो, २,६५० मीटरवर. उन्हाळ्यात इथे गोल्फ खेळतात. हिवाळ्यात इथलेच उंचवटे नवशिक्यांचे होतात. खालून पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा उतारावर शिकायचं ते काय?

पायात स्की अडकवून वर उभं राहिलं की हे वाटणं संपतं.

धाकट्याचा स्वभाव सरळ आहे. चूक झाली की तिथल्या तिथे सांगतो. घाबरलेला माणूस मागे रेलतो, आणि नेमकं तेच त्याला भोवतं. मागे रेललं की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार उठतो, कडा बर्फात रुतत नाहीत आणि स्की सुसाट सुटते. सावरायचं तर ज्या बाजूला जायची भीती वाटते तिकडेच, उताराच्या दिशेने झुकायचं. नडग्या बुटावर रेटायच्या, टाचा बाहेर ढकलायच्या, पुढची टोकं जवळ आणायची. प्रशिक्षक ओरडून सांगत असतो, "साहब, पीछे मत बैठो!" कानाला कळतं, शरीराला पटत नाही. ते पटवायचं काम हा उतार करतो, आणि न दुखावता करतो. पायथ्याशी सपाटी असल्यामुळे सुटलेला वेग तिथे आपोआप विरतो. उताराची वेळही सांभाळावी लागते. सकाळी वरचा थर कडक असतो, ऊन चढलं की मऊ पडतो, संध्याकाळी पुन्हा गोठतो. नवख्याने उन्हं चढल्यावर यावं.

लोकांची मतं इथेच ऐकावीत. बूट जड आहेत, नडग्या दुखतात, लिफ्ट नसेल तर आडव्या पावलांनी पुन्हा वर चढायचं म्हणजे दम निघतो, भाड्यासाठी घासाघीस करावी लागते. यातली एकही तक्रार खोटी नाही. शेजारून आठ-नऊ वर्षांची मुलगी घसरत जाते आणि हाक मारते, "बाबा, गुडघे वाकवा ना!" बाबा बर्फात बसलेले. "अगं, थांब जरा, उठू तरी दे!" मुलांना लवकर जमतं, कारण ती बुटकी असतात, पडली तरी फारसं लागत नाही, आणि पडण्याची लाज त्यांना अजून शिकवलेली नसते.

मला वाईट वाटतं ते तासाभरासाठी येणाऱ्यांचं. पहिल्या तासात फक्त भीती भेटते. वळणं जमू लागतात ती पुढे, बहुधा दुसऱ्या दिवशी. तोवर ही मंडळी फोटो काढून, "स्कीइंग काही खास नाही" असं ठरवून निघून गेलेली असतात. निदान दोन दिवस तरी या उताराला द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

इथल्या मुलांना तो आयुष्यभराचा मिळतो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान. तो जवळच्याच तंगमर्ग भागातला. वडिलांचं स्कीच्या साहित्याचं दुकान होतं, आणि वयाच्या चौथ्या वर्षी त्याने पायात स्की चढवली.

पण धाकट्याची तब्येत हल्ली बरी नसते. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन हंगामात, कुरणावर पिवळं गवत दिसत होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत इथे ठरलेल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर गेल्या. थोरल्याला त्याची उंची थोडंफार तारते, बर्फ कमी पडला की आधी उघडा पडतो तो धाकटाच. मग प्रशिक्षक, स्लेज ओढणारे, बूट भाड्याने देणारे यांचा रोजगार बुडतो, आणि तंगमर्गच्या एखाद्या चार वर्षांच्या पोराची सुरुवातही पुढच्या हिवाळ्यावर जाते.