जाळ्यात सापडले ती सापडलेच!

सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून लिहायला बसले. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं चित्र तुम्ही समोर उभं राहून कधी पाहिलंय? छापील नव्हे, मोबाइलवरचं नव्हे, खरंखुरं, कापडावरचं, मोठं! मी अलीकडेच पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. घरचे कंटाळलेत. कंटाळू देत.

चित्र मासेमारीचं. मातकट कापडावर पांढरं जाळं, आणि जाळंच जाळं. माणसं आहेत, मासे आहेत, पण ते कडेकडेने, इवलेसे. लांबून बघितलं तर कापडावर धुकं उतरलंय असं वाटतं. जवळ गेले, आणखी जवळ गेले, तिथल्या रखवालदाराने "मॅडम, मागे" म्हणेपर्यंत जवळ गेले, आणि मग ते धुकं सुटं होऊ लागलं. हजारो रेघा! जाळ्याचं एकेक घर हाताने काढलेलं, आणि एकासारखं दुसरं नाही. काडीवरचा रंग संपत आला की रेघ फिकट होते, पुन्हा बुडवली की ठसठशीत. त्यामुळे अख्खं जाळं हलतं. खरंच हलतं, मी काही वाढवून सांगत नाहीये. पाण्यात सोडलेलं जाळं जसं कुठे ताणतं, कुठे सैल पडतं, तसं ते चित्रात ताणतं आणि सैल पडतं.

आणि साहित्य काय? शेण, गेरू, तांदळाचं पीठ कालवलेलं पाणी, थोडा डिंक, आणि टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी. संपली यादी.

आता वारली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उशीचे अभ्रे येतात, कुर्त्याची किनार येते, हॉटेलातली 'एथनिक' भिंत येते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल डोकं ठेवलं, झाला माणूस. आकार तोच असतो, पण कळफलकावर कॉपी-पेस्ट केलेल्या त्या माणसांचा नाच कधीच थांबलेला असतो. म्हसे यांच्या चित्रातला माणूस तसाच दोन त्रिकोणांचा, पण त्याची कंबर कुठे किती वाकली आहे ते बघा. ओझं उचलणारा वेगळा वाकतो, भात लावणारी वेगळी.

तारपानृत्याचं चित्र तर नीट बघाच. नाचणाऱ्यांची साखळी वेटोळं घेत तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरते. ते वेटोळं वरून, आकाशातून बघितल्यासारखं काढलेलं असतं, आणि त्यातली माणसं मात्र बाजूने! एकाच चित्रात दोन्हीकडून बघायचं हे धाडस शिकायला पॅरिसला जावं लागत नाही. (पॅरिसला ती चित्रं गेलीच. १९८९ साली पाँपिदू केंद्राने भरवलेल्या, जगभरच्या कलावंतांच्या गाजलेल्या प्रदर्शनात म्हसे होते.)

मग काय, मी मिळेल ते वाचत सुटले. म्हसे यांचा जन्म १९३४ चा, तलासरीकडचा. पुढे आयुष्य गेलं डहाणू तालुक्यात, गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात. लहानपणीच आई गेली आणि या मुलाचं बोलणं बंद झालं. काही वर्षं तो जे काही सांगायचा ते धुळीत रेघा ओढून. हे वाचल्यावर त्या जाळ्यातल्या रेघा मला आणखीच वेगळ्या दिसायला लागल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर पोचले, त्यांना हा हात दिसला, आणि १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत चित्रं लागली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री.

पण ही कला त्यांनी शोधलेली नाही, हे मला सगळ्यात भारी वाटतं. ती होतीच, आणि होती बायकांच्या हातात. लग्नघरी सुवासिनी भिंत सारवून चौक लिहितात. चौकात पालघट देवी बसते, झाडापेराची, बीजाची, वाढीची देवी. ती बसल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावते कोण, तर धवलेरी, गाणी म्हणणारी बाई. गाण्यात देवांना बोलावलं जातं, भिंतीवर त्यांना जागा दिली जाते. म्हणजे हे चित्र शोभेचं नाहीच मुळी, ते लग्नातलं काम आहे. लग्न झालं, पाऊस आला, सारवण गळलं, चित्र गेलं. त्याचं कुणाला दुःख नाही, कारण पुढच्या लग्नात ते पुन्हा लिहायचंच असतं. त्या सुवासिनींपैकी एकीचंही नाव कॅटलॉगात नाही, हे मात्र मला खुपलं.

म्हसे यांनी काय केलं, तर तो हात भिंतीवरून कागदाकापडावर आणला आणि चौकाबाहेरचं सगळं जग त्यात घेतलं. मुंग्या, वारूळ, भाताची कापणी, रेल्वे, जाळं!

आणि आता ज्या गोष्टीने मी उडालेच ती ऐका. रिचर्ड लाँग नावाचा ब्रिटिश कलावंत आहे. १९६७ मध्ये तो एका कुरणात एकाच सरळ रेषेत मागेपुढे चालत राहिला. गवत दबलं, रेघ उमटली, त्याने फोटो काढला. झाली कलाकृती! नदीचा चिखल तो हातांनी भिंतीवर थापतो, दगडांची वर्तुळं मांडतो. आधुनिक कलेच्या पुस्तकांत त्याला मोठा मान. हा लाँग २००३ मध्ये आपल्या वारली मुलखात येऊन चालला, आणि त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्याचं आणि म्हसे यांचं एकत्र प्रदर्शन झालं. 'समकालीन' आणि 'आदिवासी' अशा वेगळ्या दालनांत नव्हे, एकाच छताखाली, बरोबरीने. एकाच्या हाताला चिखल, दुसऱ्याच्या हाताला शेण! जमिनीशी बोलायला लाँगला आर्ट स्कूलच्या बाहेर पडावं लागलं, म्हसे यांना मात्र ती भाषा घरचीच होती. मला विचाराल तर त्या जोडीत म्हसे यांचंच पारडं जड आहे. लाँगचं वर्तुळ सुंदर आहे, पण त्यात कुणी राहत नाही. म्हसे यांच्या वर्तुळात अख्खा पाडा नाचतो.

१५ मे २०१८ रोजी म्हसे गेले. त्यांची मुलं सदाशिव आणि बाळू चित्रं काढतात, डहाणू-तलासरी-जव्हार पट्ट्यात आणखी कितीतरी जण काढतात. चर्चगेटहून डहाणू रोडला लोकल जाते, तेव्हा फार लांब आहे ही सबब चालणार नाही. जा, बघा, जवळ जाऊन बघा. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी बाजारात छापील मालाचा पूर आहेच. म्हणून विकत घेताना एकच करा. हे कुणी काढलं, असं विचारा. विकणाऱ्याला चित्रकाराचं नाव सांगता आलं नाही, तर चित्र तिथेच ठेवून या.