आमच्या डब्यातले वाद

बदलापूरहून सकाळची फास्ट धरणारा आमचा ग्रुप जुना आहे. पुढच्या डब्यात भजनी मंडळ, दाराशी उभी राहणारी तरुण पोरं, आणि आतल्या सीटांवर आम्ही वाद घालणारे. एक राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशियर, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. एक घाटकोपरच्या पालिका शाळेतले मास्तर. एक कुर्ला कारशेडमधला फिटर. पंढरपूरकडचा एक जण कुरिअरच्या ऑफिसात आहे. अंबरनाथला चढणारे काका निवृत्त झाले, तरी मुलाचं दुकान बघायला रोज दादरला जातात. मी फोर्टमधल्या एका कंपनीत हिशेब लिहितो.

विषय कुणी ठरवत नाही. रात्री टीव्हीवर जे पेटलं असेल किंवा सकाळी मोबाइलवर जे आलं असेल, ते कल्याण येईपर्यंत आमच्यात पेटतं. या वादांवर माझा जीव आहे, आणि त्याचं कारण टीव्हीवरच्या चर्चेत मला कधीच सापडत नाही. आमच्यात ज्याचा त्या कामाशी रोजचा संबंध आहे, त्याला शेवटी कुणीतरी विचारतंच, ‘तुझ्याकडे प्रत्यक्षात काय होतं ते सांग.’ पडद्यावरच्या आठ चौकटींत प्रवक्ते असतात, विश्लेषक असतात, पण ते काम हातांनी केलेला माणूस मी तिथे फारसा पाहिलेला नाही.

हे पहिल्यांदा ठळकपणे जाणवलं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये. ८ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दोन-तीन दिवसांत दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप असल्याची बातमी पसरली. नोट जमिनीखाली १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला पत्ता लागेल, असं काही हिंदी वाहिन्यांवर ग्राफिक्स लावून दाखवत होते. आमच्यातल्या निम्म्यांना ते पटलं होतं. काळा पैसा बाहेर यावा असं प्रत्येकाला मनापासून वाटत होतं, म्हणून पटलं होतं. अण्णा त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत काउंटरवर बसायचे, सकाळी डोळे लाल असायचे. त्यांनी खिशातून गुलाबी नोट काढली, खिडकीच्या उजेडात धरली. गांधीजींचा जलचिन्हातला चेहरा दाखवला, नोट तिरपी केल्यावर धागा हिरव्याचा निळा होतो ते दाखवलं, मागचं मंगळयान दाखवलं. नोट हातोहात फिरली. ‘चाचपून बघा, चिप कुठे बसवणार ते मला सांगा,’ एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं, ते त्या आठवड्यात आम्ही दुसरीकडे कुठेच ऐकलं नव्हतं. एटीएममध्ये नोटा ज्या कॅसेटमध्ये भरतात, ती कॅसेट नोटेच्या मापाची लावलेली असते. जुनी हजाराची नोट ७३ मिलिमीटर रुंद, नवी दोन हजाराची ६६. म्हणजे देशातल्या दोन लाखांहून जास्त मशीनपाशी माणूस जाऊन, ते उघडून, कॅसेट नव्या मापाला लावून येईपर्यंत त्यातून नवी नोट निघणार नाही. रांगा एवढ्या का लागल्या, याचं एक मोठं कारण आम्हाला डोंबिवली आणि ठाण्याच्या मधे कळलं. नोटबंदी बरोबर की चूक, हा वाद त्यानंतरही चालला, अजून निघतो. पण चिपचं नाव आमच्यात पुन्हा कुणी काढलं नाही. मे २०२३ मध्ये ती नोट चलनातून काढून घ्यायचं जाहीर झालं, तेव्हा अण्णांनी पुन्हा सगळ्यांना माप ऐकवलं.

जून २०१८ चा विषय वेगळा होता, आणि तो मी विसरू शकत नाही. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज रोज येत होते. त्यातल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात. मूळची ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. शेवटी मूल परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात, तेवढा भाग कुणीतरी कापून टाकला होता. आमच्या डब्यातही तो हातोहात फिरला. नातवंडं असलेली माणसं घाबरली, त्यात नवल नव्हतं. १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराला आलेल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी.

सोमवारी गाडीत पंढरपूरकडचा आमचा मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘अरे, हे लोक आमच्या दारात लहानपणापासून येतात. आई सुपातून धान्य घालायची. भगवे कपडे, झोळी. ह्यांना चोर कोण म्हणतं?’ धुळ्यातल्या त्या जमावात हे सांगणारा एक माणूस असता तर, या विचाराने मला अजून अस्वस्थ वाटतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दिसायची सोय केली, आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आमच्या ग्रुपनेही आपल्यापुरता एक नियम केला. कुणीही काही दाखवलं, तर आधी सांगायचं: तुला कुणी पाठवलं, आणि त्याला कुणी. पहिल्या पायरीच्या पुढे बहुतेकांना जाता येत नाही. तिथेच मेसेज थांबतो.

सगळ्यात लांब चाललेला वाद ईव्हीएमचा. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, २३ ला निकाल लागला, महायुतीला दोनशे तीसच्या वर जागा मिळाल्या. सोमवारपासून आमच्या डब्यात सरळ दोन तट पडले. अंबरनाथचे काका एका बाजूला: मतदानाच्या दिवशी पाचला ५८.२२ टक्के सांगितलं आणि नंतर ६६.०५ कसं झालं? अण्णा दुसऱ्या बाजूला: हरले की मशीन वाईट, जिंकले की चांगलं. आवाज एवढा चढला की पलीकडची पत्त्यांची मंडळी खेळ थांबवून बघायला लागली. डिसेंबरच्या सुरुवातीला माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर स्वतःचं मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं, आणि काकांना नवं बळ मिळालं. ‘घेऊ द्यायचं होतं की,’ ते म्हणाले. ‘गावाने आपली खात्री करून घेतली असती, कुणाचं काय गेलं असतं?’ हा प्रश्न मला रास्त वाटला, आजही वाटतो.

मास्तर तोवर बोलले नव्हते. त्यांनी केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केली होती, रात्री अडीचला घरी पोचले होते, आणि त्यावर दोन्ही तटांनी त्यांना एक शब्द विचारला नव्हता. शेवटी फिटर म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही त्या मशीनशेजारी दिवसभर बसला होतात. सांगा ना.’

मास्तरांनी जेवणाच्या डब्याचं झाकण मशीन म्हणून मांडीवर घेतलं आणि पहाटेपासून सुरुवात केली. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी मॉक पोल. उमेदवारांच्या एजंटांसमोर निदान ५० मतं टाकायची, नोटासकट प्रत्येकाला किमान एक. मग कंट्रोल युनिटवर आधी क्लोज, मग रिझल्ट, मग क्लिअर. आलेला आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवायच्या, चिठ्ठ्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारायचा आणि त्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. ‘क्लिअर राहिलं तर काय होतं माहितीये?’ ते म्हणाले. ‘ती पन्नास मतं खऱ्या मतांत मिसळतात. ट्रेनिंगमध्ये हेच दहा वेळा सांगतात.’ मग हिरवं कागदी सील, त्याचा नंबर एजंटांनी लिहून घ्यायचा. दिवसभरात प्रत्येक मतदाराला व्हीव्हीपॅटच्या काचेतून सात सेकंद चिठ्ठी दिसते. दर दोन तासांनी वर आकडा कळवायचा, तो घाईत, फोनवर. सहाला जे रांगेत असतील त्यांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत यायचं आणि ते संपेपर्यंत मतदान चालू ठेवायचं. त्यांच्या केंद्रावर अंधार पडल्यावरही रांग होती. शेवटचं मत झाल्यावर क्लोजचं बटण दाबायचं, एकूण आकडा सतरा सी फॉर्मवर लिहायचा, एजंटांना त्याची प्रत द्यायची.

‘पाचचा आकडा हा अंदाज असतो काका,’ मास्तर म्हणाले. ‘खरा आकडा सतरा सी वर. माझ्या केंद्रावरच्या एजंटांनी ती प्रत घडी करून खिशात ठेवली. मोजणीच्या दिवशी आपला कागद आणि मशीनचा आकडा लावून बघायचा असतो.’

काका लगेच मान डोलावतील असं कुणाला वाटलं असेल, तर तो काकांना ओळखत नाही. त्यांनी विचारलं, ‘तुझ्या केंद्राचं तू सांगितलंस. पण रांगा खरंच एवढ्या होत्या का, ते कॅमेऱ्यात दिसेल. मग ते बघायला का देत नाहीत?’ डिसेंबरमध्येच, २० तारखेला, सरकारने निवडणूक नियमांतला ९३ क्रमांकाचा नियम बदलून सीसीटीव्हीसारखी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रं लोकांनी तपासण्यावर बंधन घातलं होतं. मास्तर थांबले आणि म्हणाले, ‘याचं उत्तर माझ्याकडे नाही. मलाही ते बघायला द्यावं असंच वाटतं.’ अण्णा, जे इतके दिवस काकांशी भांडत होते, ते म्हणाले, ‘हे मात्र खरं.’

एवढं झालं आणि घाटकोपर आलं. कुणी तट बदलला नाही. पण दुसऱ्या दिवशी काका ‘मशीन’ म्हणाले नाहीत, ‘फुटेज’ म्हणाले. वाद पुढे सरकला होता, आणि मला त्यात देशाची काळजी असलेली तीन माणसं दिसत होती. त्या दिवसांत चॅनेलांवर रोज संध्याकाळी याच विषयावर आरडाओरडा चालू होता. क्लोजचं बटण दाबलेले हजारो शिक्षक राज्यात होते. मी बघितलेल्या एकाही चर्चेत त्यांच्यातला एकही नव्हता, याचा मला खरोखर राग येतो.

९ जून २०२५ ला, सोमवारीच, दिवा-मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्याच दिवशी चार जणांचा जीव गेला. आमच्याच लायनीवर, आमच्याच वेळेला. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या घराघरांतून एकमेकांना फोन झाले. नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवणार आणि जुन्यांनाही लावणार, असं त्याच दिवशी जाहीर झालं. मंगळवारी दारातली पोरंसुद्धा आत येऊन वादात बसली. एक म्हणाला, दार बंद झालं तर आत गुदमरून मरू. दुसरा म्हणाला, बाहेर पडून मरण्यापेक्षा बरं.

फिटरने एसी लोकलचा अनुभव सांगितला. पश्चिम रेल्वेवर ती डिसेंबर २०१७ पासून धावते आहे. एका दारात बॅग अडकली तरी दार बंद होईपर्यंत गाडी हलत नाही. दादरला गर्दीच्या वेळी हे रोज झालं तर मागच्या गाड्या खोळंबतील. बिनएसी डब्याला हवेसाठी दारातच झडपा लागतील, छतातून हवा खेचणारी यंत्रं लागतील, एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट लागेल. रेल्वेनेही हेच उपाय सांगितले होते. ‘दार बसवता येतं,’ तो म्हणाला. ‘पण माणसं कमी झाल्याशिवाय ते लागणार नाही.’

यावर आम्ही प्रवासी संघटनेसाठी पत्र लिहायला घेतलं. अक्षर मास्तरांचं, तांत्रिक शब्द फिटरचे. पहिली मागणी दरवाज्यांची होती. दारातल्या पोरांपैकी सगळ्यात लहान, जेमतेम वीस-एकवीसचा, सहीला पेन हातात घेऊन थांबला. म्हणाला, ‘ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन २०२२ मध्ये झाली, तेव्हापासून गाड्या वाढतील म्हणून वाट बघतोय. आधी गाड्या वाढवा लिहा, दरवाजे दुसऱ्या नंबरला. नाहीतर मी सही करत नाही.’ काका म्हणाले दरवाजेच आधी, कालच माणसं गेली आहेत. अण्णा पोराच्या बाजूने. ठाण्याच्या पुढे गाडी थांबली होती, तेवढ्यात हात वर करून मोजलं. मास्तरांनी पहिलं पान फाडलं आणि गाड्यांची मागणी वर घेऊन नव्याने लिहायला सुरुवात केली.