सूर्याच्या पोटातील गोंगाट

सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणेही कठीण. मग त्याच्या पोटात काय चालले आहे हे माणसाला कळले कसे? मी कला शाखेची विद्यार्थिनी. गणिताची संगत दहावीनंतर सुटली. तरीही हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

मडके विकत घेताना आई त्यावर टिचकी मारते. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर तडा. सूर्यही वाजतो. त्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या तालात वरखाली होतो, हे लेटन, नॉयेस व सायमन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. आत कोंडलेल्या ध्वनिलहरींचे हे थरथरणे आहे, असा उलगडा उल्‌रिक यांनी १९७० साली केला.

पण सूर्यावर टिचकी मारतो कोण? बाहेरच्या थरात सतत खदखदणारा वायू! तो वाटेल तेथे, वाटेल तेव्हा लहरी उठवतो. म्हणजे हा नाद नव्हे, निव्वळ गोंगाट. त्यातून अर्थ काय काढायचा?

पाऊस पडत असलेले तळे डोळ्यांसमोर आणा. त्यावर दोन पाने तरंगत आहेत. पहिल्या पानाचा आत्ताचा हेलकावा आणि दुसऱ्याचा काही क्षणांनंतरचा हेलकावा यांचा गुणाकार करा. असे असंख्य गुणाकार करून सरासरी काढा. असंबद्ध हेलकावे कधी अधिक, कधी उणे होऊन एकमेकांना खोडतात. पण पहिल्या पानाखालून गेलेली लहर ठरावीक वेळाने दुसऱ्यापाशी पोहोचते. तेवढ्या वेळाचे गुणाकार मात्र साठत जातात. लहरीचा प्रवासकाळ असा हाती लागतो.

ड्युव्हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हीच युक्ती सूर्याला लावली. तेथे लहर आत बुडी मारून दूरवर वर येते. वाटेत वायूचा प्रवाह सोबतीला असला तर लवकर, विरुद्ध असला तर उशिरा. जाण्यायेण्याच्या वेळांतील फरकावरून न दिसणारा प्रवाह मोजता येतो. सूर्य अखंड ऐकता यावा म्हणून १९९५ साली जगात सहा ठिकाणी यंत्रे बसली. त्यांपैकी एक आपल्या उदयपूरला. २००० साली लिंडसे व ब्राउन यांनी तर लहरींच्याच आधारे सूर्याच्या पाठीमागचा डागांचा प्रदेश ओळखून दाखविला!

अर्थात, वेळांवरून आतली रचना ठरविणे हा उलटा प्रश्न आहे. त्याच वेळांना अनेक रचना जुळू शकतात, आणि उरलेला थोडासा गोंगाटही उत्तर पार बिघडवतो. म्हणून गणिती लोक रचनेवर काही वाजवी अटी घालतात आणि उत्तरासोबत त्याची अनिश्चितताही लिहितात. इतिहासाच्या तासाला एकाच ताम्रपटावर भिस्त ठेवू नका असे सर बजावतात, ते मला येथे आठवले.

पुढचे गणित अवघड आहे, आणि ते मला येत नाही. पण मुळाशी काय आहे? गुणाकार आणि सरासरी. माझ्या गावच्या शाळेत, फुटक्या फळ्यावर शिकविलेल्या या दोन गोष्टी! घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. असले ज्ञान आपल्यासाठी नाही, असे मी धरून चालले होते. आता तसे वाटत नाही. हवी ती चिकाटी. कारण या शास्त्राचा हिशेब सरळ आहे : चौपट काळ ऐकावे, तेव्हा कुठे गोंगाट निम्मा होतो.